रस्त्याचा इजारा

पेशवाईच्या अखेरच्या पर्वात दुसऱ्या बाजीरावाच्या कारभाराला एक रोग जडला होता. मामलत ही चाकरी न राहता लिलावात जिंकण्याची वस्तू झाली. जो सर्वांत अधिक रक्कम कबूल करील त्याच्या हाती परगण्याचा वसूल, तोही ठराविक मुदतीपुरता. याला इजारा म्हणत. सरकारला तातडीने पैसा मिळे, इजारदाराला वसुलाची सनद मिळे. आणि मुदत थोडी, उद्या आपल्याहून चढी बोली करणारा कोणी उभा राहील याची धास्ती मोठी, म्हणून हाती आहे तोवर रयतेकडून निघेल तेवढे काढून घेण्याकडे इजारदाराचा कल राही. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीने गावांची काय दशा झाली ते नमूद करून ठेवले आहे.

आजच्या माझ्या विषयाचा या जुन्या शब्दाशी जवळचा संबंध आहे. विषय आहे टोलच्या महामार्गांचा, आणि विशेषतः ज्या देशांजवळ भांडवल थोडे आणि रस्त्यांची गरज मोठी, अशा विकसनशील देशांनी हे महामार्ग कोणाच्या पैशाने बांधले याचा. इजाऱ्यात आणि टोलरस्त्यात एक महत्त्वाचा भेद आहे, तो आरंभीच सांगितला पाहिजे. बाजीरावाचा इजारदार आयते उत्पन्न गोळा करी. टोलरस्त्याचा इजारदार आधी रस्ता बांधतो, मग उत्पन्न गोळा करतो. समाजाला त्याच्याकडून काही मिळते. परंतु भविष्यकाळातील वसूल आज विकून टाकायचा आणि त्यावर आजची गरज भागवायची, हे मूळ सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

टोलनाक्यावर आपण जे पैसे मोजतो त्यांतून रस्ता बांधला जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण आपण नाक्यावर पोहोचतो तेव्हा रस्ता बांधून झालेला असतो. त्यात कोणाचा तरी पैसा अगोदरच ओतलेला असतो. आपला टोल त्या कर्जाच्या फेडीत जातो. म्हणून टोलरस्त्याची आर्थिक बाजू समजून घ्यायची तर नाक्यावरची पावती बाजूला ठेवून कर्जाकडे पाहावे. कर्ज कोणी दिले, किती वर्षांच्या मुदतीने, कोणत्या व्याजाने आणि कोणत्या चलनात? आणि अपेक्षेइतकी वाहने आली नाहीत तर ते बुडणार कोणाचे? या शेवटच्या प्रश्नाला कागदावर एक उत्तर असते आणि प्रत्यक्षात पुष्कळदा दुसरेच निघते.

एक लहानसे गणित करून पाहू. शंभर रुपयांचे कर्ज बारा टक्के व्याजाने काढले आणि ते तीस वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे ठरले, तर वर्षाला सुमारे साडेबारा रुपयांचा हप्ता पडतो. मुदत पंधरा वर्षांची केली तर तो पावणेपंधरा रुपयांच्या आसपास जातो. सात वर्षांचीच केली तर जवळजवळ बावीस रुपये. रस्ता तोच, वाहने तीच; केवळ मुदत आखडल्यामुळे टोल पाऊणपटीने वाढवावा लागतो. आणि पंधरा वर्षांच्याच मुदतीत व्याजाचा दर बाराऐवजी चोवीस झाला, तर हप्ता पंचवीस रुपयांवर जातो. हे आकडे ध्यानात असू द्यावेत. पुढे सांगावयाच्या एका मोठ्या राष्ट्राच्या कथेत त्यांचे काम आहे.

आज संपन्न असलेले देश जेव्हा संपन्न नव्हते, तेव्हा त्यांनीही हीच वाट धरली होती. इंग्लंडमध्ये १६६३ साली पार्लमेंटने पहिल्या टोलरस्त्याचा कायदा केला. पुढील पावणेदोन शतकांत हजाराहून अधिक विश्वस्त मंडळे स्थापन झाली आणि वीस हजार मैलांहून अधिक रस्ते त्यांच्या ताब्यात आले. ही मंडळे पुढील टोल गहाण टाकून कर्ज काढीत आणि वसुलीचा मक्ता लिलावाने देत. हे सारे सुरळीत चालले असता आगगाडी आली. लांबची वाहतूक रुळांवर गेली, टोलचे उत्पन्न घटले, कर्ज मात्र तसेच राहिले. वेल्समधील शेतकऱ्यांनी १८३९ ते १८४३ या काळात बायकांचे वेष करून रात्रीच्या रात्री टोलची फाटके मोडली. त्या दंग्यांना बायबलातील रिबेकाचे नाव पडले, कारण तिच्या संततीला शत्रूंच्या वेशी ताब्यात मिळतील असा आशीर्वाद तेथे आहे. शेवटच्या विश्वस्त मंडळाचा कारभार १८९५ साली आटोपला आणि रस्ते सरकारी करातून चालू लागले. वीस हजार मैलांचे रस्ते देशाला मिळाले हे खरे; पण आगगाडी येईल हा हिशेब गहाणखत लिहून घेणाऱ्या कोणाच्याच मनात नव्हता.

आपल्याकडेही टोल तितकाच जुना आहे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. त्यापूर्वी कोकण आणि देश यांमधला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे. आता चाकाची गाडी चढू लागली आणि त्या सोयीबद्दल टोल द्यावा लागू लागला. नाक्याची वसुली मक्त्याने देण्याची रीत इकडेही रूढ झाली. १८५१ साली हिंदुस्थानभर लागू असा टोलचा कायदा झाला आणि तो दीर्घकाळ टिकला. मात्र या टोलवर कोणी मोठे कर्ज उभारले नव्हते. रस्ता सरकारने आपल्या सोयीसाठी व पैशाने केला आणि टोल हे तिजोरीत पडणारे एक किरकोळ उत्पन्न होते. म्हणून नाक्यावर कुरबूर झाली तरी त्यापायी कोणाची पेढी बुडाली नाही.

विसाव्या शतकात मोटार आली आणि प्रश्नाचे रूप पालटले. येथे एका मराठी माणसाचे नाव आदराने घेतले पाहिजे. कायदेपंडित मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली हिंदुस्थानातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. १९२८ साली तिचा अहवाल आला. समितीचा विचार साधा आणि दूरदृष्टीचा होता. रस्त्यांचा विकास ही स्थानिक संस्थांच्या आणि प्रांतांच्या ऐपतीबाहेरची गोष्ट झाली आहे, ती राष्ट्राची जबाबदारी मानावी. आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचे उत्पन्न केवळ रस्त्यांसाठी निराळे काढून ठेवावे. त्याप्रमाणे १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी अस्तित्वात आला आणि पेट्रोलच्या दर गॅलनमागे दोन आणे त्यात जमा होऊ लागले.

जयकरांच्या या योजनेची खुबी अशी की तीत नाका नाही, मक्तेदार नाही आणि भविष्याचा अंदाजही नाही. जो जितका गाडी चालवील तितके इंधन जाळील आणि तितके रस्त्यासाठी देईल. एखाद्या विशिष्ट रस्त्यावर वाहने कमी आली म्हणून कोणाचे दिवाळे निघत नाही, कारण साऱ्या रस्त्यांचा पैसा एका डोहात येतो. उणीव एवढीच की हा डोह थेंबाथेंबाने भरतो. आज हजार कोटी हवे असतील तर तो ते आज देऊ शकत नाही. शिवाय सरकारला अडचण आली की अशा निधीकडे तिची नजर वळते. स्वतंत्र भारतात पुढे कित्येक वर्षे या निधीचे महत्त्व नाममात्र उरले, आणि १९९८ नंतर पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसवून, २००० साली नवा कायदा करून, जयकरांच्याच कल्पनेला पुन्हा जीव द्यावा लागला. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन उभारताना या उपकराचा मोठाच आधार झाला.

आता मेक्सिकोकडे वळू. टोलरस्त्यांच्या इतिहासात या देशाचा अनुभव जितका बोधक आहे, तितका दुसऱ्या कोणाचा क्वचितच असेल.

मेक्सिको हा डोंगराळ देश आहे. राजधानी उंच पठारावर, बंदरे दोन्ही बाजूंना खाली समुद्रकाठी. आपल्याकडील देश आणि कोकण यांच्यासारखीच स्थिती, पण अंतरे कितीतरी मोठी. राजधानीहून कुएर्नावाका शहराकडे जाणारा टोलरस्ता तेथे १९५२ सालीच सुरू झाला होता. परंतु तेलाच्या भरवशावर परदेशांत काढलेले कर्ज फेडता येत नाही, अशी कबुली ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारला द्यावी लागली, आणि पुढली काही वर्षे रस्त्यांसाठी तिजोरीत पैसाच उरला नाही. जुने रस्ते खचत चालले, मालाची वाहतूक वाढत चालली. अशा वेळी डिसेंबर १९८८ मध्ये कार्लोस सालिनास अध्यक्ष झाले. त्यांच्या सरकारने ठरविले की नवे महामार्ग खाजगी कंत्राटदारांनी स्वतः पैसा उभारून बांधावेत, ठराविक वर्षे टोल घ्यावा आणि मग रस्ता सरकारच्या हवाली करावा. आपल्याकडे पुढे ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या नावाने जी पद्धत रुळली, तीच ही.

१९८९ ते १९९४ या अवघ्या पाच-सहा वर्षांत तेथे पन्नासच्या वर असे करार झाले आणि सुमारे साडेपाच हजार किलोमीटरचे रस्ते त्यांत आले. वेगाच्या दृष्टीने पाहता हा पराक्रमच होता. राजधानीहून प्रशांत महासागराच्या काठावरील आकापुल्कोपर्यंत जाणारा वळणावळणाचा जुना रस्ता टाळून कुएर्नावाका ते आकापुल्को असा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरहून लांब महामार्ग डोंगर फोडून काढण्यात आला. मेझ्काला येथील खोल दरीवर त्यासाठी तारांनी तोललेला भव्य पूल बांधला गेला. १९९३ साली तो रस्ता पुरा झाला. ज्यांनी तो बांधला त्या अभियंत्यांना आजही कोणी नावे ठेवीत नाही. दोष अभियांत्रिकीत नव्हता.

दोष लिलावाच्या अटीत होता. काम कोणाला द्यायचे याची सरकारने एक सोपी कसोटी ठरविली होती: जो सर्वांत थोड्या वर्षांत रस्ता परत देण्याचे कबूल करील, काम त्याचे. ऐकायला ही कसोटी किती लोकहिताची वाटते! रस्ता लवकरात लवकर जनतेचा होणार. पण मघाचे गणित आठवावे. मुदत आखडली की हप्ता वाढतो आणि हप्ता वाढला की टोल वाढतो. कंत्राटदारांनी काम मिळविण्यासाठी मुदती अगदी थोड्या सांगितल्या. साहजिकच मेक्सिकोतील टोल जगातील अत्यंत महाग टोलांत गणला जाऊ लागला, आणि तोही अशा देशात, जेथे ट्रकमालकाचे उत्पन्न शेजारच्या अमेरिकेतील ट्रकमालकाच्या मानाने फारच थोडे.

त्यातच शेजारी जुना रस्ता मोकळा होता. टोलरस्ता असेल तेथे विनाटोल वाटही असली पाहिजे, असे सरकारचे धोरण होते आणि ते न्यायाचेच होते. ज्याला घाई आहे त्याने पैसे मोजावे, ज्याला नाही त्याने जुन्या वाटेने जावे. झाले असे की श्रीमंतांच्या मोटारी नव्या रस्त्याने भरधाव जाऊ लागल्या आणि जड मालमोटारी जुन्याच अरुंद रस्त्याने कण्हत जात राहिल्या. ज्या वाहतुकीसाठी महामार्ग हवा होता, नेमकी तीच त्यावर आली नाही. जुन्या रस्त्यांची चाळण होत राहिली, आणि नवे रस्ते, हा शब्द कठोर वाटला तरी खरा आहे, ओस पडले. बहुतेक रस्त्यांवर अंदाजाच्या मानाने वाहने फारच कमी आली.

हे अंदाज इतके चुकले कसे? त्यात केवळ अज्ञान होते असे म्हणता येत नाही. वाहनांचा आकडा फुगवून सांगण्यात कोणाचेच नुकसान दिसत नव्हते. सरकारने हमी दिली होती की वाहने अंदाजापेक्षा कमी आली तर कराराची मुदत वाढवून मिळेल. म्हणजे बोली लावताना मुदत थोडी सांगावी आणि काम पदरात पडल्यावर ती वाढवून घ्यावी. शिवाय कंत्राटदार हाच रस्त्याचा मालक आणि तोच बांधणारा. त्याने घालावयाच्या भागभांडवलाचा पुष्कळसा भाग त्याने केलेल्या बांधकामाच्या रूपाने जमा धरला जाई. मग त्याचा नफा बांधकामाच्या बिलातच निघून येई. टोल पुढे वसूल होवो वा न होवो. आराखडे घाईने काढलेले, जमिनी वेळेवर ताब्यात न आलेल्या, त्यामुळे अनेक ठिकाणी खर्चही अंदाजापलीकडे गेला.

आणि कर्ज कोणी दिले? मेक्सिकोतल्याच बँकांनी. या बँका १९८२ साली सरकारने ताब्यात घेतल्या होत्या आणि १९९१-९२ मध्ये त्या पुन्हा खाजगी मालकांना विकण्यात येत होत्या. बँकेकडे ठेवी असतात थोड्या मुदतीच्या. वीस-पंचवीस वर्षांसाठी पैसा अडकवून ठेवणारे विमा आणि निवृत्तिवेतनाचे फंड मेक्सिकोत तेव्हा बाल्यावस्थेत होते. म्हणून कर्जे दिली गेली ती थोड्या वर्षांची आणि बाजारभावाप्रमाणे बदलत्या व्याजाची. पन्नास-साठ वर्षे टिकणारी वस्तू सात-आठ वर्षांच्या कर्जावर उभी केली. साऱ्या प्रकरणाचे मर्म माझ्या मते येथे आहे. गरीब देशाला दगड, मुरूम, मजूर, अभियंते सर्व काही मिळते. मिळत नाही ती दीर्घ मुदत. सावकाराजवळ धीर नसला की त्याच्या अधीरपणाची किंमत ऋणकोला टोलच्या रूपाने मोजावी लागते.

डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचे चलन कोसळले. डॉलरला साडेतीन पेसोंच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत सात पेसोंपलीकडे गेला. मार्च १९९५ मध्ये अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांवरचे व्याजसुद्धा ऐंशी टक्क्यांवर पोहोचले. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सहा टक्क्यांहून अधिक घटले. चोवीस टक्के व्याजाला हप्ता किती होतो हे आपण पाहिले. ऐंशी टक्क्यांना काय होत असेल याची कल्पना करावी. एकीकडे व्याज असे पेटलेले आणि दुसरीकडे मंदीमुळे उरलीसुरली वाहनेही कमी झालेली. कंत्राटदारांना हप्ते देणे अशक्य झाले आणि त्यांच्याबरोबर बँकाही डळमळू लागल्या.

आता कागदावरचे उत्तर आणि प्रत्यक्षातले उत्तर यांतला फरक पाहा. करारात धोका कंत्राटदाराचा होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अध्यक्ष सेदियो यांच्या सरकारने बावन्नपैकी तेवीस करार परत घेतले. त्यासाठी बानोब्रास या सरकारी विकास बँकेच्या हाताखाली एक न्यास उभारण्यात आला आणि साडेसात अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज त्याने आपल्या माथ्यावर घेतले. टोल कमी करण्यात आले, मालमोटारींचे विशेष. बुडीत धंद्याचे मालक सुटले, बँका सुटल्या आणि ज्या मेक्सिकन शेतकऱ्याने त्या महामार्गावर उभ्या जन्मात पाऊल टाकले नव्हते, तोही कर देताना त्या कर्जाचा वाटेकरी झाला. विनाटोल वाट ठेवून त्याच्यावर बोजा पडू नये अशी जी व्यवस्था केली होती, ती अशी मागच्या दाराने निष्फळ ठरली.

सरकारने तसे करायला नको होते काय? असे म्हणणे सोपे आहे. पण बँका बुडू दिल्या असत्या तर ठेवीदार बुडाले असते, आणि रस्ते मोडून विकता येत नाहीत. एकदा रस्ता उभा राहिला की सरकारपुढे पर्याय फार उरत नाहीत. जे काय ठरवायचे ते निविदा काढण्यापूर्वीच ठरवावे लागते.

या कथेला एक उत्तरार्ध आहे, तो सहसा सांगितला जात नाही. परत घेतलेल्या रस्त्यांवर टोल उतरल्याने आणि देशाची स्थिती सुधारल्याने हळूहळू वाहने येऊ लागली. २००७ साली सरकारने त्यांतले ग्वादालाहाराच्या बाजूचे चार महामार्ग पुन्हा इजाऱ्याने दिले, तीस वर्षांसाठी, आणि त्यापोटी एकरकमी सुमारे ४४ अब्ज पेसो घेतले. म्हणजे रस्ते मुळात वाईट नव्हते. त्यांची किंमत कळायला दहा-पंधरा वर्षे लागणार होती आणि तेवढा धीर असलेला पैसा १९८९ साली कोणाजवळ नव्हता.

मेक्सिकोत हा निस्तारा चालू होता, त्याच सुमारास महाराष्ट्रात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा घाट घातला जात होता. माल्कमने ज्या खंडाळ्याच्या डोंगरातून गाडीरस्ता काढला, तोच हा डोंगर. हाही रस्ता खाजगी पैशाने बांधण्याचा आधी विचार होता. निविदा मागविल्या, तेव्हा आलेली सर्वांत कमी बोली सुमारे ३,६०० कोटी रुपयांची होती. शासनाने ती नाकारली, १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे काम सोपविले, आणि महामंडळाने शासनाच्या हमीवर कर्जरोखे काढून सुमारे १,६३० कोटी रुपयांत ९४ किलोमीटरचा हा सहा पदरी मार्ग बांधला. २००२ साली तो संपूर्ण खुला झाला. नितीन गडकरी त्या काळी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते आणि त्या नाकारलेल्या निविदेची गोष्ट त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे.

या दोन आकड्यांतील अंतरावर पुष्कळ बोलले गेले आहे. ते सारे कंत्राटदाराच्या लोभाचे माप आहे असे मात्र मला वाटत नाही. त्यात लोभ असेल, पण भीतीचाही अंश असणार. वाहने किती येतील हे ठाऊक नसताना जो स्वतःचा पैसा घालतो तो त्या अज्ञानाचेही मोल लावतो. शासनाने हमी दिली, म्हणजे ती भीती जनतेच्या खात्यावर घेतली आणि म्हणून पैसा स्वस्त मिळाला. भीती खरी ठरली असती तर मेक्सिकोप्रमाणेच बिल तिजोरीकडे आले असते. फक्त कोणाची आडपडदा न ठेवता, सरळ आले असते. सुदैवाने मुंबई आणि पुणे ही शहरे अशी की त्यांच्यामध्ये वाहनांचा दुष्काळ पडत नाही.

रस्ता झाल्यावर इजारा आलाच. २००४ साली महामंडळाने या मार्गावरचा आणि शेजारच्या जुन्या महामार्गावरचा टोल गोळा करण्याचा हक्क पंधरा वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला दिला आणि ९१८ कोटी रुपये आगाऊ घेतले. मेक्सिकोने जुनी वाट मोकळी ठेवली होती. येथे दोन्ही वाटा एकाच इजाऱ्यात गेल्या. टोल किती जमला, तो आधी का थांबला नाही, यावरून पुढे वृत्तपत्रांतून आणि न्यायालयांतून दीर्घकाळ वाद चालले. २०१९ साली ती मुदत संपली. २०२० साली नवा इजारा झाला, सुमारे दहा वर्षांचा, आणि त्याची रक्कम होती ८,२६२ कोटी रुपये. सोळा वर्षांतील भाववाढ आणि वाढलेली वाहने जमेस धरूनही, पंधरा वर्षांचे ९१८ आणि दहा वर्षांचे ८,२६२ हे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे पहिल्या वेळी भविष्य स्वस्तात विकले गेले, असे वाटल्यावाचून राहत नाही. पण २००४ साली महामंडळाच्या डोक्यावर कर्ज होते आणि गरजू विकणारा भाव करू शकत नाही. बाजीरावाचीही अडचण हीच होती.

ज्याला वाहतूक ठाऊक आहे असा तयार रस्ता इजाऱ्याने देणे, ही रीत आता देशभर चालू आहे. २०१८ साली राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील नऊ रस्ते, एकूण सुमारे ६८० किलोमीटरचे, तीस वर्षांसाठी ९,६८१ कोटी रुपयांना दिले. पैसा घालणारी कंपनी ऑस्ट्रेलियाची होती. संपन्न देशांतील निवृत्त होणाऱ्या माणसांच्या बचतीला अशी दीर्घ मुदतीची मिळकत हवी असते. बांधताना धोका पत्करायला ती येत नाही. रस्ता चालू लागला, नाक्यावरची गर्दी मोजून पाहता आली, म्हणजे येते. तोवरचा काळ ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर काढायचा.

जेथे गर्दी मोजण्यापूर्वीच लोकांनी नाका नाकारला, त्या कोल्हापूरचा उल्लेख केल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. तेथे शहरातलेच सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते टोलच्या कराराने सुधारण्यात आले. घरून बाजारात जायला टोल द्यावा लागणार, ही कल्पनाच करवीरकरांना सहन झाली नाही. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे रस्त्यावर उतरली. मोर्चे निघाले, जानेवारी २०१४ मध्ये संतप्त जमावाने टोलनाके जाळले. वेल्सच्या शेतकऱ्यांना जाऊन तेव्हा पावणेदोनशे वर्षे होत आली होती. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. करार मोडला म्हणून कंपनीची भरपाई ठरली, साडेचारशे कोटी रुपयांच्या वर, आणि ती सरकारी पैशातून दिली गेली. टोल कोल्हापूरच्या नाक्यावरून उठला. रक्कम गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या करदात्यांत वाटली गेली.

मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी बसविलेले होते. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून तेथे मोटारींसारख्या हलक्या वाहनांना टोल माफ झाला, आणि रोज ठाण्याहून वा वाशीहून येणाऱ्या माणसाला आनंद झाला. मालमोटारी मात्र पूर्वीप्रमाणेच टोल देत राहिल्या, म्हणजे भाजीच्या भावात तो मिसळत राहिला. आणि मोटारींकडून जो वसूल व्हायचा होता त्याचा हिशेब शासन आणि इजारदार यांच्यात व्हायचा उरला.